मागे घेतलेली मंजुरी

शुक्रवारी सकाळी पौर्णिमा मोरीपाशी दात घासत उभी होती, आणि घासता घासता तिचा हात थांबला. काल संध्याकाळी तिनं प्रोग्राममधल्या ज्या बदलाला मंजुरी देऊन टाकली होती, त्यात एका ठिकाणी एक आकडा दोनदा कमी होत होता की काय?

तिनं घाईघाईनं चूळ भरली, ओले हात ओढणीला पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. अंगणात आई ज्वारी पाखडत बसली होती. "चाय थंडी होऊन राह्यली व," तिनं तिथूनच आवाज दिला. पौर्णिमानं ऐकलं नाही.

अनसिंगच्या पोस्टात तीस वर्षं टपाल वाटलेल्या देवमन अंभोरे यांची ही थोरली मुलगी. अमरावतीला इंजिनिअरिंग झालं, मग नऊ वर्षं पुण्यात नोकरी. दोन वर्षांपूर्वी आईच्या, भागिरथाबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती महिनाभरासाठी म्हणून घरी आली, आणि कंपनीनं घरूनच काम करू दिलं म्हणून राहून गेली. कंपनी नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या बनवायची. वेळेआधी जन्मलेलं, वजनानं कमी असलेलं बाळ त्या पेटीत ठेवतात. बाळाच्या अंगाला चिकटवलेला सेन्सर तापमान सांगतो, आणि पेटी त्यावरून ऊब कमी-जास्त करते. पेटीच्या आत एक छोटा संगणक असतो. त्या संगणकाची अगदी तळातली प्रणाली, जिला कर्नल म्हणतात, ती कंपनीनं स्वतः लिहिलेली होती, आणि त्या कर्नलमधला मेमरीचा भाग पौर्णिमाकडे होता. कुणी त्या भागात काही बदललं की तो बदल आधी तिच्याकडे यायचा. ती ओळ न् ओळ वाचायची. पटलं की खाली तिच्या नावानं मंजुरी लागायची. त्या नावाशिवाय काही पुढं सरकत नसे.

हे मेमरीचं काम सांगायला सोपं आहे. सगळी मेमरी सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते, एका तुकड्याला पान म्हणतात. प्रत्येक पान किती जण वापरताहेत याचा आकडा कर्नल ठेवतो. कुणी पान घेतलं की आकडा एकानं वाढतो, सोडलं की एकानं कमी होतो, आणि शून्य झाला की ते पान दुसऱ्या कुणालाही देता येतं. हा आकडा चुकून दोनदा कमी झाला, तर वापरात असलेलं पान मोकळं समजून भलत्यालाच दिलं जातं. मग एकाच पानावर दोघं लिहीत बसतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

कालचा बदल नवीन सरांचा होता. नवीन हे त्यांचं नाव, ते टीमचे प्रमुख आणि या कर्नलचा निम्मा भाग त्यांच्याच हातचा. सेन्सरकडून वेळेत उत्तर आलं नाही तर त्याच्यासाठी राखलेलं पान कधी परतच येत नसे. अशी पानं साचत जायची, आणि अठरा-वीस दिवसांनी पेटी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायची. ही गळती नवीन सरांनी बंद केली होती. आता वेळ संपली की तिथल्या तिथं आकडा कमी करायचा. बहात्तर तास चाचणी झाली होती, पानं साचत नव्हती, सगळे खूश होते. आज दुपारी चार वाजता प्रणालीची अंतिम प्रत बंद व्हायची होती, त्यानंतर तिच्यात काही बदलता येणार नव्हतं. उद्या ती चाळीस पेट्यांत भरली जाणार आणि सोमवारी पेट्या दवाखान्यांकडे निघणार.

पौर्णिमानं ती जागा उघडली. वेळ संपली की आकडा कमी करणारी नवी ओळ होती. आणि तीस ओळी खाली, सेन्सरचं उत्तर आल्यावर आकडा कमी करणारी जुनी ओळसुद्धा जागच्या जागी होती. आधी वेळ संपली आणि मग उत्तर उशिरानं आलं, तर? आकडा एकदा इथं कमी होईल, एकदा तिथं.

तिनं पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

सव्वानऊला तिनं नवीन सरांना फोन लावला.

"सर, तो कालचा बदल. उत्तर उशिरा आलं तर आकडा दोनदा कमी होतोय असं वाटतंय मला."

"वाटतंय?" नवीन सरांच्या मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "उशिरा आलेलं उत्तर आपण टाकून देतो, पौर्णिमा. वरच तपासलंय ते. तू मंजुरी दिलीस ना काल?"

"दिली. पण सगळ्या वाटांनी ते तपासलं जातं का, हे मला..."

"बहात्तर तास चाललंय ते. तीन बोर्डांवर." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट फार समजूतदार होता. "हे बघ, तुझ्याकडे काही ठोस असेल तर दाखव, मी थांबवतो. नुसतं वाटण्यावर आज मी काही थांबवू शकत नाही. मार्चसारखं नको व्हायला."

मार्च हा शब्द ऐकून तिनं पुढचा प्रश्न गिळला.

मार्चमध्ये तिनं असंच एक काम थांबवलं होतं. एका ठिकाणी कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच हात घालू देणारी सोय, न लावता मेमरीला हात घातला जातोय असं तिनं छातीठोकपणे सांगितलं, आठ माणसं दोन दिवस कामाला लागली, आणि शेवटी निघालं काय, तर कुलूप आधीच्याच पायरीवर लावलेलं होतं. तो आधीचा भाग तिनं उघडून पाहिलाच नव्हता. मीटिंगमध्ये नवीन सर हसून म्हणाले होते, "हरकत नाही. पुढच्या वेळी आधी पूर्ण वाचूया." कुणी त्याच्यावर एक शब्द बोललं नाही. ते न बोलणंच तिला आठवडाभर झोंबत राहिलं. त्या टीममध्ये घरून, तेही अनसिंगसारख्या गावातून काम करणारी ती एकटीच होती. त्यानंतर ती कुठलीही शंका विचारण्याआधी चार-चारदा तपासायची, आणि पुष्कळदा विचारायचीच नाही.

"ठोस काही मिळालं तर सांगते," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ठोस मिळवायचं तर चाचणी घ्यायला हवी होती. पेटीतल्या संगणकाचा एक बोर्ड कंपनीनं तिला घरी दिला होता. सेन्सर मुद्दाम उशिरा उत्तर देईल आणि तेही हजारो वेळा, असा छोटा प्रोग्राम तिनं तासाभरात लिहिला. बोर्ड जोडला, चालू केला, आणि पाच मिनिटांत लाईन गेली.

पंखा थांबला तशी बाहेर मळणी यंत्राची घरघर जास्तच ऐकू यायला लागली. शेजारच्या प्रयागबाईनं कुंपणावरून सांगितलं, "तार बदलून राह्यले म्हंते व, पाच वाजेलोक नाई येत."

पौर्णिमा ओट्यावर येऊन बसली. साडेदहा झाले होते. बोटं आपोआप ओढणीचं टोक पिळत होती.

भागिरथाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या सव्वीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात आया होत्या. माणसाचा चेहरा पाहून ताप किती आहे ते सांगायची त्यांना सवय होती.

"काय झालं व? सकायपासून तोंड उतरलं तुयं."

"काई नाई. कामाचं हाय."

"कामाचंच सांग मंग."

पौर्णिमानं सांगितलं. पान, आकडा, दोनदा कमी होणं. आईला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी एकच विचारलं, "त्यानं लेकराच्या पेटीले काय होईन?"

"काई नाई होणार बहुतेक. लाखातून एखाद्या वेळेस, पडद्यावर लेकराच्या अंगाचं जे तापमान दिसते ते जुनंच राहीन. लेकरू थंडं पडलं तरी पेटीले वाटन की ते ठीक हाय."

भागिरथाबाईंनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आमच्या तिथं पेटी नोती. पोत्यात गरम विटा ठेवायचो आमी. अन् रातभर हात लावून पाहायचो." आणि त्यांनी विचारलं, "तुले भेव कायचं वाटून राह्यलं? त्या पेटीचं, का त्या साहेबाचं?"

डोळे भरून आले म्हणून पौर्णिमा उठून आत गेली.

आत ती बोर्डाच्या वायरी काढत होती तेव्हा तिला एक गोष्ट स्वतःशी कबूल करावी लागली. ही शंका आज सकाळी आलेली नव्हती. ती कालच आली होती. काल संध्याकाळी त्या ओळीपाशी तिची नजर अडखळली होती, आणि तिच्या मनात आलं होतं की नवीन सरांनी लिहिलंय म्हणजे त्यांनी विचार केलाच असेल, मार्चनंतर पुन्हा आपण कशाला. मग ती पुढच्या ओळीवर गेली होती. आणि सात मिनिटांत मंजुरी दिली होती.

वाशिमला रूपाकडे इन्व्हर्टर होता. रूपा तिची शाळेपासूनची मैत्रीण, पाटणी चौकाच्या अलीकडे एका गाळ्यात टायपिंग आणि कॉम्प्युटरचे क्लास चालवायची. पौर्णिमानं फोन केला, "येऊ का?" रूपा म्हणाली, "विचारतं काय, ये ना!"

स्कूटीपाशी पाहते तर देवमन डोक्याला रुमाल बांधून उभे.

"तुमी कुठं बाबा?"

"तुयं ध्यान जाग्यावर नाई ते पाह्यलं मी. ते मशीन कोन धरीन? रस्त्यानं गड्डे हायेत."

देवमन मागे बसले. बोर्डाची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोयाबीन कापून झालं होतं, वावरांत गंजी लागल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला देवमन पिशवी वर उचलायचे आणि "हळू व, हळू" म्हणायचे. पौर्णिमाच्या डोक्यात मात्र त्याच दोन ओळी फिरत होत्या. एका वळणावर समोरून एसटी आली तेव्हा ती इतकी दचकली की स्कूटी कच्च्यात उतरली. देवमननी एका हातानं पिशवी धरली आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

क्लासमध्ये आठ-दहा मुली खटाखट टायपिंग करत होत्या. रूपानं उठून "जयभीम काका" केलं, कोपऱ्यातलं टेबल मोकळं करून दिलं आणि कॉम्प्युटरचा एक जास्तीचा पडदाही जोडून दिला. पावणेबारा वाजता चाचणी सुरू झाली.

"हे कसं समजते मोडलं म्हून?" देवमननी विचारलं.

"या पडद्यावर आता पांढरे अक्षरं पळून राह्यले ना, आकडा बिघडला तर लाल अक्षरं येतीन अन् मशीन थांबन."

"मंग तू तुयं वाच. मी हे पाह्यतो." त्यांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली, खिशातून चष्मा काढून लावला आणि बसले.

पौर्णिमानं लॅपटॉपवर सगळा बदल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तीनशे चाळीस ओळी. प्रत्येक ठिकाणी पान कोण घेतं, कोण सोडतं, हे ती वहीत लिहीत गेली. उशिरा आलेलं उत्तर टाकून देणारी तपासणी तिला सापडली. नवीन सर म्हणाले होते तशीच, अगदी वरच. म्हणजे ती पुन्हा चुकत होती? पण ती तपासणी वेळ संपल्याची नोंद म्हणून ठेवलेल्या एका वेगळ्या खुणेवर अवलंबून होती, आणि ती खूण कोण कधी पुसतं हे कुठंच एका जागी लिहिलेलं नव्हतं. सहा ठिकाणांहून ती पुसली जात होती. चार तिला समजली. दोन समजली नाहीत.

एक वाजला. रूपानं डबा उघडला, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. देवमननी पडद्यावरची नजर न काढता अर्धी भाकर खाल्ली. पौर्णिमानं आपली भाकर तशीच ठेवली.

"लाल आले का बाबा?"

"नाई."

दोन वाजता पहिल्या बॅचच्या मुली गेल्या, दुसऱ्या बॅचच्या आल्या. चाचणीत सेन्सरनं सदतीस हजार वेळा उशिरा उत्तर दिलं होतं आणि सदतीस हजार वेळा सगळं सुरळीत झालं होतं. तिनं वेळ बदलून पाहिली. मेमरी जवळजवळ भरलेली ठेवून पाहिलं. एकाच वेळी चार कामं लावून पाहिली. पांढरी अक्षरं पळतच राहिली.

"आता?"

"नाई व. पांढरेच हायेत."

तीन वाजून दहा मिनिटांनी तिनं बोर्ड बंद केला. देवमननी चष्मा काढून डोळे चोळले. साडेतीन तास ते एका जागी बसले होते. "मी बराबर पाह्यलं," ते ओशाळून म्हणाले. "पापणी हालू देली नाई. पन नाई आले."

"तुमची काई चूक नाई बाबा."

ती गाळ्याबाहेर पायरीवर येऊन उभी राहिली. समोरून ऑटो, मोटारसायकली, सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर जात होते. पन्नास मिनिटं राहिली होती. काही केलं नाही तर कुणी तिला काही म्हणणार नव्हतं. चाचण्या पास होत्या, नवीन सरांच्या तीन बोर्डांवर आणि तिच्या एका. तिच्याकडे दाखवायला काय होतं? न समजलेल्या दोन जागा. आणि मार्च.

रूपा मागून पाण्याचा ग्लास घेऊन आली. "होय का नाई, काईतरी एक कर बाई. आतल्या पोरीबी तुयाकडेच पाहून राह्यल्या."

"मी चुकीची निंघाली तर, रूपा? पुना?"

"तर चुकीची निंघशीन." रूपानं ग्लास तिच्या हातात दिला. "अन् बराबर असशीन तर?"

पौर्णिमानं पाणी पिऊन टाकलं, आत गेली आणि लिहायला बसली. पहिल्या खेपेला तिनं लांबलचक लिहिलं, माफी मागत, सबबी देत. ते पुसलं. दुसऱ्या खेपेला असं लिहिलं:

'मी काल या बदलाला दिलेली मंजुरी मागे घेत आहे. आज साडेतीन तास चाचणी केली, त्यात दोष सापडला नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण उशिरा आलेलं उत्तर टाकून देण्याची खूण सहा ठिकाणी पुसली जाते, त्यातल्या दोन ठिकाणी त्या वेळी पानाचा आकडा किती असतो हे मला सांगता येत नाही. ती दोन ठिकाणं खाली दिली आहेत. कुणी मला ती समजावून दिली तर मी लगेच मंजुरी देईन. तोवर माझं नाव त्यावर नको.'

खाली दोन ओळींचे क्रमांक लिहिले. तीन एकतीसला तिनं ते सगळ्या टीमला पाठवलं.

तीन चाळीसला नवीन सरांचा फोन आला. या वेळी आवाज समजूतदार नव्हता.

"पौर्णिमा, हे काय आहे? वीस मिनिटं राहिली असताना? सगळ्यांना?"

"सर, मला ते दोन..."

"तू मला सकाळी फोन केलास, मी म्हटलं ठोस आण. तू स्वतः लिहितेस की चाचणी पास आहे!"

"हो सर. चाचणी पास आहे." तिनं वही पुढ्यात ओढली. "ती दोन ठिकाणं तुम्ही मला आत्ता फोनवर सांगा. आकडा एक असतो की दोन. मी आत्ता मंजुरी देते."

फोनवर कीबोर्डचा आवाज आला. पौर्णिमानं डोळे मिटून घेतले.

"पहिल्या ठिकाणी एकच असतो," नवीन सर म्हणाले. "ते पेटी बंद होतानाचं आहे. तिथं काही प्रश्न नाही."

"बरं. आणि दुसरं?"

"दुसरं..." पुन्हा कीबोर्ड वाजला. "ते मला बघावं लागेल." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

चार वाजता अंतिम प्रत बंद झाली नाही. सोमवारी बोलू, एवढी एक ओळ टीमला आली. सोमवारी पेट्या निघणार नव्हत्या. कुणी पौर्णिमाला फोन केला नाही.

शनिवार-रविवार तिनं कसेबसे काढले. घरात कुणाचा फोन वाजला तरी ती दचकायची. आपण चाळीस पेट्या अडवून धरल्या आहेत आणि कुठंतरी एखाद्या दवाखान्यात त्यामुळं एखादं बाळ पेटीविना राहिलं तर, हा नवाच विचार आता तिला सतावत होता. आईला तिनं तो सांगितला. भागिरथाबाई नुसत्या "हं" म्हणाल्या आणि तिच्या डोक्याला तेल लावत बसल्या.

सोमवारी दुपारी नवीन सरांचा फोन आला तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"तू ज्या वाटेची चाचणी घेतलीस ना, ती वाट बरोबर आहे," ते सरळ मुद्द्यावर आले. "उशिरा आलेलं उत्तर. तिथं काही होत नाही. तिथं तू चुकलीस."

तिनं हातातला टॉवेल परत बादलीत टाकला.

"पण ते दुसरं ठिकाण. सेन्सर वीज वाचवायला झोपतो आणि पुन्हा जागा होतो, ती वाट. जागं होताना ती खूण पुसली जाते. नेमकं त्या क्षणी जुनं उत्तर वाटेत असेल, तर आकडा दोनदा कमी होतो. आम्ही शुक्रवारी संध्याकाळीच तशी चाचणी लावली. एकोणीस तास काही झालं नाही. विसाव्या तासाला झालं." ते थांबले. "सेन्सर आम्ही आलटून पालटून कोमट आणि बर्फाच्या पाण्यात ठेवत होतो. बर्फात असताना पडद्यावर तापमान साडेछत्तीस. अकरा मिनिटं साडेछत्तीसच. अलार्म नाही, काही नाही."

पौर्णिमा तारेला धरून उभी राहिली. अकरा मिनिटं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच बदलाखाली गुरुवारी तिचं नाव होतं.

"सर, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "ही शंका मला गुरुवारीच आली होती. मंजुरी देण्याआधी. मी ती विचारली नाही आणि सही केली."

"का?"

तिनं क्षणभर विचार केला आणि खरं ते सांगितलं. "मार्चमुळे."

दूर कुणीतरी नवीन सरांना हाक मारत होतं, तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

"पूर्ण वाचूया, ते मी म्हणालो होतो," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"हं. आणि मी स्वतः बदल लिहिताना ते दुसरं ठिकाण वाचलं नव्हतं. जुनं होतं, चालत होतं, म्हणून सोडून दिलं. तू फोनवर विचारलंस तेव्हा पहिल्यांदा उघडलं." मग ते म्हणाले, "नवा बदल परवा पाठवतो. बघ."

बस, एवढंच. शाबासकी नाही, माफी नाही. पण मंगळवारच्या मीटिंगमध्ये दोष कसा सापडला हे सांगताना त्यांनी तिचं नाव घेतलं, आणि आपण काय वाचलं नव्हतं तेही सगळ्यांसमोर सांगितलं. टीममधले दोघं-तिघं त्यानंतर आपापल्या शंका विचारायला लागले. त्यातल्या एकाची शंका तर इतकी साधी होती की ती बिनधास्त विचारणाऱ्या त्याचा पौर्णिमाला हेवा वाटला.

नवा बदल आला तो शंभर ओळींचा. पौर्णिमानं त्याला दोन दिवस घेतले आणि अकरा प्रश्न पाठवले. त्यातले चार प्रश्न निव्वळ बावळटपणाचे निघाले, एक तर तिनंच वर वाचलेल्या ओळीबद्दल होता. उत्तरं वाचताना तिचे कान तापले. पण उरलेल्या सातांपैकी दोनांमुळं त्या बदलात थोडी दुरुस्ती झाली, आणि मग तिनं मंजुरी दिली. ती देतानाही बटणावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली होती.

तीन आठवड्यांनी चाळीस पेट्या निघाल्या. कोणती कुठल्या दवाखान्यात गेली हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पेट्या सुरू झाल्या त्या दिवशी तिनं फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता. दिवसभरात तो दोनदा वाजला. एकदा गॅस सिलिंडरवाल्याचा होता आणि एकदा रूपाचा, कंपनीचा एकही नव्हता. रूपानं विचारलं, "जेवली का?" तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून पोटात काहीच गेलं नव्हतं. ती चुलीपाशी गेली आणि आईनं झाकून ठेवलेलं ताट पुढ्यात ओढलं.